पाहिलेला मेरोनी आणि ऐकलेला मेरोनी

लोकप्रियता हा शब्द टीकाकाराच्या तोंडीं आला कीं त्यामागून बहुधा एखादें ‘परंतु’ येतें. ग्रंथ लोकप्रिय आहे, परंतु त्यांत खोली नाहीं. नट लोकप्रिय आहे, परंतु त्याला अभिनयाची जाण नाहीं. जणूं पुष्कळांना आवडणें हा एक दोष असून त्याबद्दल ग्रंथकारानें किंवा नटानें खुलासा दिला पाहिजे! उलट पक्षीं, लोकांनीं डोक्यावर घेतलें एवढ्याच पुराव्यावर एखाद्याला थोर ठरविणारेहि थोडे नाहींत. या दोन्ही पक्षांचें एका गोष्टीविषयीं मात्र एकमत आहे. लोकप्रियता ही एकजिनसी वस्तु आहे, असें दोघेहि धरून चालतात. प्रस्तुत लेखांत या गृहीताचीच परीक्षा करावयाची आहे. आणि तिच्यासाठीं जें उदाहरण घेतलें आहे तें इटलींतील एका तरुण धंदेवाईक फुटबॉल-खेळाडूचें आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत फुटबॉलचें काय काम, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर सोपें आहे. ग्रंथाच्या लोकप्रियतेंत विषयाचें आकर्षण, प्रकाशकाची जाहिरात, अभ्यासक्रमांतील नेमणूक अशा कितीतरी गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यांतून निव्वळ आवड वेगळी काढणें कठीण जातें. खेळाडू दर रविवारीं हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत उभा राहतो आणि जें करावयाचें तें तेथल्या तेथें करतो. त्याला मागाहून सुधारलेली आवृत्ति काढतां येत नाहीं. म्हणून लोकांची आवड कशावर बसते आणि कशी बदलते, हें त्याच्या बाबतींत अधिक स्वच्छ दिसतें.

जीजी मेरोनी याचा जन्म २४ फेब्रुवारी १९४३ रोजीं उत्तर इटलींतील कोमो येथें झाला. सरोवराच्या कांठचें हें शहर रेशमासाठीं प्रसिद्ध आहे. वडील लहानपणींच वारले. आई विणकाम करून तीन मुलांचा संसार चालवी. मुलगा प्रार्थनामंदिराच्या आवारांत चेंडू खेळे आणि पुढें कांहीं काळ रेशमी नेकटायांचे नमुने काढण्याचें काम करी. रंगरेषांचा हा नाद त्यानें अखेरपर्यंत सोडला नाहीं. कोमोच्या संघांतून तो १९६२ मध्यें जेनोआच्या संघांत गेला, आणि १९६४ मध्यें ट्यूरिन शहरांतील तोरिनो या संघानें त्याला विकत घेतलें. ‘विकत घेतलें’ हा शब्दप्रयोग अलंकारिक नव्हे. त्या काळीं इटलींतील खेळाडू आपल्या संघाशीं असा जखडलेला असे कीं, संघाच्या संमतीवांचून त्याला दुसरीकडे जातां येत नसे. हें बंधन उठविणारा कायदा १९८१ मध्यें झाला. तोरिनोकडून मेरोनी राष्ट्रीय साखळींतील १०३ सामने खेळला आणि त्यांत त्यानें २२ गोल केले. इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून तो सहा सामने खेळला, गोल दोन. तो तोरिनोकडून खेळत असतां त्या संघाला एकहि अजिंक्यपद मिळालें नाहीं. वयाच्या चोविसाव्या वर्षीं तो रस्त्यावरील अपघातांत मरण पावला.

केवळ आंकड्यांवरून पाहिलें तर ही कामगिरी चांगली आहे, असामान्य नाहीं. त्याच्याहून कितीतरी अधिक गोल करणारे आणि कितीतरी अधिक पदकें मिळविणारे खेळाडू इटलीनें पाहिले आहेत. तरीहि १९६७ च्या उन्हाळ्यांत याच्या विक्रीची नुसती बातमी फुटतांच एक अख्खें औद्योगिक शहर खवळून उठलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याच्या अंत्ययात्रेला वीस हजारांवर माणसें लोटलीं. हें प्रेम आलें कोठून?

त्याचा शोध प्रथम मैदानावरच घेतला पाहिजे. त्या दशकांत इटलींतील खेळावर जी पद्धति अधिराज्य गाजवीत होती तिला तेथें ‘कातेनाच्चो’ म्हणत. शब्दाचा अर्थ दाराचा अडसर. प्रतिपक्षाच्या प्रत्येक हल्लेखोराच्या पाळतीवर एक रक्षक ठेवावयाचा, त्या सर्वांच्या मागें आणखी एक मोकळा रक्षक उभा करावयाचा, संधि साधून एक गोल करावयाचा, आणि मग दार लावून घ्यावयाचें. ही पद्धति निष्फळ होती असें कोणी म्हणूं नये. हेलेनियो एरेरा याच्या शिकवणीखालीं मिलानच्या इंटर संघानें हिच्याच जोरावर १९६४ आणि १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. पण तिनें खेळांतील अनपेक्षिताला जवळ जवळ हद्दपार केलें होतें. प्रेक्षक निकाल पाहण्यासाठीं येत. खेळ पाहण्यासाठीं येण्याचें कारण कमी कमी होत चाललें होतें.

अशा काळीं मेरोनी उजव्या बगलेवर खेळे. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, सदरा चड्डीबाहेर आलेला. चेंडू पायाशीं आला कीं तो समोरच्या रक्षकाला जवळ येऊं देई, त्याला चुकवी, आणि सरळ पुढें जाण्याऐवजीं पुष्कळदां त्यालाच पुन्हां चुकविण्यासाठीं वळे. हिशेबी माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटे, आणि कधीं कधीं तो खरोखरच अपव्यय असे. परंतु ता. १२ मार्च १९६७ रोजीं मिलानच्या सान सीरो मैदानावर त्यानें जो गोल केला, त्यांत त्याच्या या वळणाचें मर्म उघड झालें. स्वतःच्या मैदानावर सुमारें तीन वर्षें साखळीचा सामना न हरलेला इंटर संघ समोर होता, आणि त्याला अडवावयास फाकेत्तीसारखा त्या काळचा अव्वल दर्जाचा रक्षक होता. मेरोनी बगलेवरून आंत वळला, फाकेत्तीला हुलकावणी दिली, आणि जोरानें मारण्याऐवजीं त्यानें चेंडू असा अलगद उचलून वळविला कीं, तो गोलरक्षकाच्या आवांक्याबाहेरून दूरच्या कोपऱ्यांत उतरला. तोरिनोनें तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. अडसर मोडून नव्हे, तर त्याच्यावरून हात फिरवून दार उघडल्यासारखी ती करणी होती.

आतां या खेळाडूची दुसरी बाजू पाहूं. मैदानाबाहेर तो चित्रें काढी. स्वतःच्या कपड्यांचे नमुने स्वतःच आंखी आणि शिंप्याकडून शिवून घेई. केस वाढवी, दाढी राखी, एक जुनाट फियाट मोटार चालवी. ट्यूरिनमधील एका मोठ्या चौकांत, घराच्या अगदीं माथ्यावरील छपरालगतच्या खोलींत त्यानें बिऱ्हाड थाटलें होतें. त्याचें एका तरुणीवर प्रेम होतें. तिचें लग्न दुसऱ्याशीं लागलेलें होतें, आणि तें रद्द व्हावें म्हणून धर्मपीठाकडे खटपट चालली होती. कारण इटलींत घटस्फोटाचा कायदा १९७० पर्यंत नव्हता. तीं दोघें त्या छपराखालीं एकत्र राहात. आजच्या वाचकाला यांत जगावेगळें कांहीं वाटणार नाहीं. परंतु १९६५ च्या सुमाराच्या इटलींत एवढी सामग्री वर्तमानपत्रांना पुरून उरली. कोणी त्याला ‘बीटल’ म्हणे. खेळाविषयीं चार ओळी आणि केसांविषयीं चाळीस, असें त्याच्या वाट्याला येऊं लागलें.

राष्ट्रीय संघाचे शिक्षक फाब्री यांनीं तर, केस कापशील तर संघांत घेऊं, असा हट्ट धरला. मेरोनीनें तो मानला नाहीं. अखेर १९६६ मध्यें त्याला घ्यावें लागलें, आणि त्या वर्षीं इंग्लंडांत झालेल्या विश्वचषकाच्या स्पर्धेंत तो एकच सामना खेळला. रशियाशीं झालेला तो सामना इटलीनें एका गोलानें गमावला. पुढें ता. १९ जुलै रोजीं मिडल्सबरो येथें उत्तर कोरियाकडून इटलीचा पराभव झाला. इटालियन माणूस तो पराभव अद्याप विसरलेला नाहीं. संघ मायदेशीं जेनोआला उतरला तेव्हां लोकांनीं खेळाडूंवर टोमॅटो फेकले. कोरियाविरुद्धच्या सामन्यांत मेरोनी नव्हताच. तथापि त्या अपयशाचें खापर फोडावयास जीं डोकीं शोधण्यांत आलीं त्यांत लांब केसांचें हें डोकें अगदीं सोयीचें होतें. जो खेळलाच नाहीं त्याच्यामुळें सामना गेला, असें मानण्यास संतापलेल्या राष्ट्राला कांहींच अडचण वाटली नाहीं.

म्हणजे एकाच वेळीं एकाच देशांत या मुलाविषयीं दोन मतें नांदत होतीं. ट्यूरिनमधील तोरिनोच्या लोकांना तो प्राणाहून प्रिय. उरलेल्या पुष्कळशा इटलीला तो छचोर, नखरेबाज, शिस्तीचा शत्रु. त्याच्या लोकप्रियतेची जीं कारणें सामान्यतः सांगितलीं जातात तीं या एका वस्तुस्थितीपुढें टिकतात काय, तें पाहिलें पाहिजे.

पहिलें कारण असें सांगतात कीं, त्याचें रूप, त्याचा वेष आणि त्याचें बंडखोर वागणें तरुणांना मोहक वाटलें. परंतु तोच वेष आणि तेंच वागणें सर्व देशांतील वर्तमानपत्रांतून रोज झळकत होतें, आणि तेथें तें द्वेषाचें कारण झालें. जें कारण एके ठिकाणीं प्रेम आणि दुसऱ्या ठिकाणीं तिरस्कार उत्पन्न करतें, तें प्रेमाचें पुरेसें कारण नव्हे.

दुसरें कारण अधिक विचारपूर्वक मांडलेलें आहे. ट्यूरिन हें फियाट कारखान्याचें शहर. दिवसभर यंत्रापुढें ठराविक हालचाली करणाऱ्या हजारों कामगारांना, रविवारीं कोणाचेंहि न ऐकणारा हा खेळाडू म्हणजे स्वतःच्या कोंडलेल्या स्वातंत्र्याची मूर्तीच वाटली, असें हें विवेचन आहे. ट्यूरिनचा दुसरा संघ युव्हेंटस हा फियाटच्याच मालकांचा, आन्येल्ली घराण्याचा. त्यामुळें या विवेचनाला चांगलाच उठाव मिळतो. यांत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु दक्षिणेकडून पोटासाठीं ट्यूरिनला आलेल्या कामगारांपैकीं कितीतरी जण युव्हेंटसचेच भक्त होते. त्यांचें यंत्र तेंच होतें, त्यांचा कोंडमाराहि तोच होता. त्यांनीं मात्र आपली मूर्ति दुसऱ्या देवळांत बसविली. कामगारांच्या मनाविषयींचीं अशीं सुबक विवेचनें पुष्कळदां कारखान्याचें दारहि न ओलांडलेल्या पंडितांचीं असतात, हेंहि लक्षांत ठेवलेलें बरें.

तिसरें कारण म्हणजे जुनें दुःख. ता. ४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून परतणारें विमान ट्यूरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरील मंदिराच्या भिंतीवर आदळलें आणि त्या वेळचा अजिंक्य तोरिनो संघ नाहींसा झाला. एकतीस माणसें गेलीं. त्यांत अठरा खेळाडू होते. त्यानंतर या संघाला पूर्वींचें वैभव राहिलें नाहीं, आणि त्याच्या चाहत्यांच्या मनांत, आपलें जें उत्तम असेल तें आपल्यापासून हिरावून घेतलें जातें, अशी भीति घर करून बसली. मेरोनीवरील मायेला या भीतीची धार होती यांत संशय नाहीं. परंतु भीतीनें माया तीव्र होते. ती उत्पन्न होत नाहीं. तोरिनोनें १९४९ नंतर कितीतरी खेळाडू आणले. प्रत्येकासाठीं शहर रस्त्यावर आलें नाहीं. शिवाय ज्या जेनोआला सुपेर्गाचें दुःख नव्हतें, तेथेंहि १९६४ मध्यें मेरोनीला विकल्यावर लोकांनीं मोठी ओरड केलीच होती.

जेनोआचा हा दाखलाच मला निर्णायक वाटतो. जेनोआचे लोक आणि तोरिनोचे लोक यांच्यांत समान काय होतें? दोघांनींहि मेरोनीला आपला म्हणून, पुन्हां पुन्हां, प्रत्यक्ष पाहिलें होतें. उरलेल्या इटलीनें त्याला मुख्यतः ऐकलें होतें. त्या काळचीं साधनें आठवावींत. १९६० पासून रविवारच्या सामन्यांचें वर्णन आकाशवाणीवरून होऊं लागलें होतें. दूरचित्रवाणी संध्याकाळीं एखाद्या सामन्याचा अर्धा भाग दाखवी. बाकी सर्व भिस्त वर्तमानपत्रांवर. बगलेवरच्या खेळाडूनें रक्षकाला दोनदां चुकविलें हें शब्दांत सांगतां येत नाहीं. त्याचे केस मात्र शब्दांत उत्तम सांगतां येतात, आणि छायाचित्रांत त्याहून उत्तम दिसतात. तेव्हां दूरच्या माणसापर्यंत मेरोनी जो पोंचला तो पाय वजा जातां उरलेला मेरोनी होता. तोरिनोचा माणूस रविवारीं त्याला मैदानावर पाही, आणि वाटल्यास आठवड्यांत जुन्या फिलाडेल्फिया मैदानावर सराव करतांनाहि पाही. त्यानें लांब केस पाहिले नव्हते असें नाहीं. परंतु शंभर वेळां चेंडू पाहिल्यावर केसांकडे कोणाचें लक्ष राहतें?

लोकप्रियता दोन प्रकारची आहे, असें जें मला म्हणावयाचें आहे तें हेंच. एक पाहण्यांतून येते, दुसरी ऐकण्यांतून. पहिलीचा आधार सहवास. दुसरीचा आधार वार्ता. पहिली सावकाश जमते आणि तिला कारणें विचारलीं तर ती हातवारे करून दाखवूं लागते. दुसरी एका दिवसांत चढते, एका दिवसांत उतरते, आणि कारणें विचारलीं तर ती छापील वाक्यें म्हणून दाखविते. टीकाकारांनीं जिच्यावर कोरडे ओढले ती बहुधा ही दुसरी असते, आणि त्यांचे कोरडे योग्यच आहेत. परंतु त्या भरांत पहिलीच्या पाठीवरहि वळ उठतात. मेरोनीच्या बाबतींत तर जाणत्यांनीं केस पाहिले आणि अडाण्यांनीं खेळ पाहिला, असा उलटा प्रकार झाला. पुढें खुद्द फाब्रीच १९६७ मध्यें तोरिनोचे शिक्षक होऊन आले, आणि ज्याचे केस कापूं पाहात होते त्यालाच दर आठवड्याला मैदानावर उतरवूं लागले! 

यावर कोणी विचारील कीं, युव्हेंटसच्या लोकांनींहि त्याला पाहिलें होतें. मिलानच्या लोकांनींहि पाहिलें होतें. मग त्यांचें काय? त्यांनीं तो पाहिला तो प्रतिपक्षी म्हणून, वर्षांतून एकदोनदां, आणि तो पडावा अशी इच्छा धरून. डोळे उघडे असणें आणि पाहणें यांत अंतर आहे, हें काव्य वाचणाऱ्यांना सांगावयास नको. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपुलकीवांचून हें पाहणें घडत नाहीं, आणि आपुलकी आली कीं तिच्याबरोबर मालकीहि येते.

१९६७ च्या उन्हाळ्यांतील प्रकरण या दृष्टीनें उद्बोधक आहे. युव्हेंटसनें मेरोनीसाठीं सुमारें पंचाहत्तर कोटि लिरे देऊं केले असल्याची बातमी फुटली. तोरिनोचे चाहते रस्त्यावर आले, निदर्शनें झालीं, तोरिनोचे अध्यक्ष पियानेल्ली यांना तोंड दाखविणें कठीण झालें. फियाटच्या कामगारांनीं काम बंद ठेवण्याची भाषा केली आणि म्हणून आन्येल्लींनीं माघार घेतली, असेंहि सांगतात. सौदा मोडला हें खरें. लोकप्रियतेनें भांडवलावर मिळविलेला विजय म्हणून या घटनेचें वर्णन करण्याचा मोह होतो, आणि कांहीं अंशीं तें वर्णन बरोबरहि आहे. परंतु ज्याच्यासाठीं हा सर्व दंगा चालला होता त्या चोवीस वर्षांच्या मुलाची स्वतःची इच्छा काय आहे, हा प्रश्न त्या गदारोळांत कोणाला महत्त्वाचा वाटल्याचें दिसत नाहीं. मालक म्हणे, तो माझा. त्याला विकणें हा माझा हक्क. लोक म्हणत, तो आमचा. त्याला विकूं देणार नाहीं. दोन्ही वाक्यांत मेरोनी षष्ठी विभक्तीच्या पुढेंच उभा आहे. इटलींतील खेळाडूंनीं आपली संघटना स्थापन केली ती पुढल्या वर्षीं, १९६८ च्या जुलैंत. तोंवर मेरोनी हयात नव्हता. पाहण्यांतून आलेलें प्रेमहि निष्पाप नसतें, हें यावरून ध्यानांत यावें.

ता. १५ ऑक्टोबर १९६७, रविवार. तोरिनोनें त्या दिवशीं सांपदोरियाचा चार विरुद्ध दोन असा पराभव केला. संध्याकाळीं मेरोनी आपल्या एका सहखेळाडूबरोबर कोर्सो रे उंबेर्तो हा रुंद रस्ता ओलांडीत होता. दोघे रस्त्याच्या मधोमध थांबले असतां एका मोटारीची धडक बसली. सहखेळाडू थोडक्यांत वांचला. मेरोनी पलीकडच्या बाजूला फेंकला गेला आणि उलट दिशेनें येणाऱ्या दुसऱ्या मोटारीखालीं सांपडला. त्याच रात्रीं रुग्णालयांत त्याचें प्राणोत्क्रमण झालें. पहिली मोटार चालविणारा एकोणीस वर्षांचा तरुण तोरिनोचाच निस्सीम चाहता होता.

अंत्यविधीच्या वेळीं दोन प्रकारचीं माणसें पुन्हां वेगळीं दिसून आलीं. परस्त्रीबरोबर राहणाऱ्या या पाप्याला धर्मविधीनें निरोप द्यावा हें कांहीं धर्माधिकाऱ्यांना रुचलें नाहीं. तोरिनोच्या उपाध्यायानें तो विधि तरीहि केला. ट्यूरिनच्या तुरुंगांतील कैद्यांनीं फुलांसाठीं वर्गणी काढली. पुढच्याच रविवारीं, ता. २२ रोजीं, तोरिनो आणि युव्हेंटस यांचा सामना होता. तोरिनोनें तो चार विरुद्ध शून्य असा जिंकला. मेरोनीचा जिवलग मित्र कोंबिन अंगांत ताप असतां खेळला आणि त्यानें तीन गोल केले. चौथा गोल कारेल्ली यानें केला, आणि त्याच्या अंगावर मेरोनीचा सात क्रमांकाचा सदरा होता.

येथवर जें सांगितलें तें सर्व घडलेलें आहे. पण येथूनच टीकाकारानें सावध व्हावयास हवें. कारण येथून पुढें दंतकथेचें राज्य सुरू होतें. सुपेर्गाला पडलेल्या विमानाच्या चालकाचें आडनांवहि मेरोनीच होतें. दोघांत नातें कांहींच नव्हतें. अपघातांतील तो एकोणीस वर्षांचा तरुण पुढें २००० मध्यें त्याच तोरिनो संघाचा अध्यक्ष झाला. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या ऐकून अंगावर कांटा येतो हेंहि खरें. परंतु त्या मेरोनीविषयीं आपल्याला काय सांगतात? कांहींच नाहीं. त्या योगायोगाविषयीं सांगतात. जीवनांत विस्कळितपणें पडलेले दुवे जोडून त्यांचें एक दैवनिर्मित नाटक बनविण्याची हौस माणसाला फार. आणि नाटक जितकें अधिक रेखीव होतें तितका त्यांतील माणूस अधिक पुसट होत जातो. कोंबडीला दोरी बांधून त्यानें तिला कोमोच्या रस्त्यांतून फिरविलें, ही गोष्ट आज त्याच्या कोणत्याहि गोलाहून अधिक ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट सांगतात. पत्रकाराचें सोंग घेऊन तो वाटसरूंना मेरोनीविषयीं विचारी, आणि समोरच्यानें आपल्याला ओळखलें नाहीं कीं त्याला मौज वाटे. ही गोष्ट ऐकीव असली तरी मोठी अर्थपूर्ण आहे. ज्याला सर्व जण ऐकून ओळखतात त्याला पाहून कोणीच ओळखीत नाहीं, हें त्याला स्वतःला कळलें असावें.

नांदो दाल्ला किएझा यांनीं १९९५ मध्यें मेरोनीवर एक चरित्रग्रंथ लिहिला. तोरिनोच्या गर्द तांबड्या रंगावरून आणि त्याच्या भिरभिरण्यावरून लोकांनीं त्याला ‘तांबडें फुलपांखरूं’ म्हटलें होतें, तेंच नांव त्या ग्रंथाला आहे. अशा प्रयत्नांमुळें, ज्या इटलीनें त्याला हिणविलें तीच इटली आज त्याला कवि, कलावंत, स्वातंत्र्याचा अग्रदूत म्हणून गौरविते. अन्यायाचें हें परिमार्जन स्वागतार्ह आहे. पण यांत एक अवघड गोष्ट दडलेली आहे, आणि ती न बोलतां सोडणें बरें नव्हे. आज त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं त्याला मैदानावर पाहिलेलें नाहीं. त्यांचें प्रेम केसांवर, कोंबडीवर, छपराखालच्या खोलीवर आणि अकालीं आलेल्या मृत्यूवर जडलेलें आहे. म्हणजे १९६६ च्या इटलीनें ज्या सामग्रीवर त्याचा द्वेष केला त्याच सामग्रीवर आजची इटली त्याच्यावर प्रेम करते. चिन्ह तेवढें बदललें. ऋणाच्या जागीं धन आलें. ज्ञान वाढलें नाहीं. हें लिहिणाऱ्यालाहि तें लागू आहे आणि वाचणाऱ्यालाहि.

दिवंगत कलावंताच्या बाबतींत हें अटळ आहे असें म्हणतां येईल. गवयाचा गळा जातो, नटाचा अभिनय जातो. मागें राहतात त्या आख्यायिका. मान्य आहे. पण आख्यायिकेला आख्यायिका म्हणून ओळखणें आपल्या हातीं आहे, आणि जेथें मूळ वस्तूचा तुकडाहि शिल्लक असेल तेथें प्रथम त्या तुकड्याकडे जाणें हेंहि आपल्या हातीं आहे. लोकप्रियतेविषयीं टीकाकाराला कांहीं कर्तव्य असेल तर तें एवढेंच आहे. लोकांना आवडलें म्हणून नाक मुरडणें हें त्याचें काम नव्हे, आणि लोकांना आवडलें म्हणून माना डोलावणें हेंहि नव्हे. लोकांनीं काय पाहिलें, हें त्यानें विचारावें. आणि त्यांनीं खरोखर पाहिलें असेल तर आपणहि तेथें जाऊन पाहावें.

मेरोनीच्या खेळाचीं थोडीं कृष्णधवल चित्रणें अद्याप उरलीं आहेत. तीं तुटक आहेत, अस्पष्ट आहेत, आणि त्यांतून तीन वर्षांचे रविवार कांहीं परत येत नाहींत. परंतु त्यांत उत्तर कोरिया नाहीं, धर्मपीठ नाहीं, अपघात नाहीं. उतरलेल्या मोज्यांचा एक तरुण उजव्या बगलेवर चेंडू घेऊन उभा आहे, आणि रक्षक त्याच्याकडे येतो आहे. मेरोनीविषयीं ज्यांना मत बनवावयाचें असेल त्यांनीं तेथून आरंभ करावा.